जैतूनची बिनतिखट मिरची

जैतून,

परवा तुझा चाळिसावा झाला. तुझ्या सूनबाईनं तांबड्या रश्शाचं जेवण घातलं. चटणी आपल्याच मिरची कुटायच्या डंकातली होती, मीच कुटून दिली होती. पंगती उठल्या, भांडी आवरली आणि घरी येऊन मी पाय न धुताच आडवी झाले. रडू आलं नाही. यंदा रडायलाही सवड मिळालेली नाही. तू गेलीस ती ऐन हंगामात. दारात मिरचीची पोती पडलेली, बायका डबे घेऊन रांगेत उभ्या. तुझी माती झाली आणि तिसऱ्या दिवशी मी डंकाचं बटण दाबलं. लोकांची वर्षाची चटणी अडवून धरता येत नाही. ठोके सुरू झाले, तिखटाचा खाट उठला, सगळ्या बाया शिंकायला लागल्या, आणि मिरची हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. चोवीस वर्षं ही मिरची आधी तुझ्या नाकाखाली जायची आणि मग उखळात.

तू मिरची मधोमध मोडायचीस, डोळे मिटून वास घ्यायचीस आणि समोर कोण उभं आहे ते न बघता सांगायचीस, "ही संकेश्वरी न्हवं. ह्यात दुसरी मिसळल्या." गिऱ्हाईक भांडायचं. तू त्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढायचीस आणि त्याच्या हातावर ठेवायचीस. डंक माझ्या सासूचा, पाटी माझ्या नावाची, आणि तू आलीस ती देठ खुडायला. पण दोन वर्षांत बायका विचारायला लागल्या, "जैतून हाय का? नसली तर उद्या येतो." मला राग यायचा. मग सवय झाली. मग तर तुझ्याशिवाय कुलूप काढायचं माझ्या जिवावर यायला लागलं.

दुपारी डंक थंड व्हायला ठेवला की उंबऱ्यावर बसून आपण तंबाखूची मिश्री लावायचो. एकाच डबीतली. आजार तुला झाला, मला नाही. तुझ्या गालातली गाठ कॅन्सरची निघाली त्या दिवशी मी डबी गटारात टाकली. तू म्हणालीस, "डबी कशाला टाकलीस, पितळेची हुती." ऑपरेशनला नेणाऱ्या गाडीत बसताना तू हे म्हणालीस.

ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे किरणांचे शेक झाले. तोंडातली लाळ आटली. जीभ लालभडक झाली. वरणात मोहरी तडतडली तरी तुला झोंबायचं. जिच्या नाकावर अर्ध्या कोल्हापूरची चटणी ठरायची ती दूध-भात गाळून पीत होती, आणि तोही पुरा संपत नव्हता. तरी तू डंकावर यायचीस. तोंडाला ओला पदर बांधून बाहेरच्या कट्ट्यावर बसायचीस. मी आतून मिरची आणून तुझ्यापुढे धरायचे, तू लांबून वास घ्यायचीस आणि मान हलवायचीस. वास शाबूत होता. मला वाटायचं, हे फार वाईट आहे. जायचंच होतं तर सगळंच जायला हवं होतं.

त्या वर्षी तुझा धाकटा भाऊ रफिक सुट्टीवर आला. जहाजावर आचारी, आठ-आठ महिने समुद्रात. कुरुंदवाडला माहेरी न थांबता तो एसटीनं थेट तुझ्याकडे आला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. तू, मी आणि तो, आपण तिघं डंकाच्या कट्ट्यावर बसलो होतो. तो सांगत होता की जहाज त्रिनिदादच्या बंदराला लागलं होतं, तिथं बाजारात एक म्हातारी मिरच्या विकत होती. तिच्या पणजोबाला इंग्रजांनी उसाच्या कामाला हिंदुस्थानातून तिकडं नेलेलं. तिनं एक सुरकुतलेली मिरची मोडून रफिकच्या नाकाला लावली. तो मागं सरकला. असा वास तर जिभेला फोड आणणाऱ्या मिरचीलाच येतो. म्हातारी हसली आणि तिनं ती मिरची स्वतः कचाकचा खाल्ली.

"आपा, तिखट न्हाईच," रफिक म्हणाला. "वास सगळा, मार काय बी न्हाय. तिकडं डाळीत घालत्यात, मासळीला लावत्यात. लहान पोरं पण खात्यात. मला पयली तूच आठवलीस."

मी हसले. "कोल्हापुरात बिनतिखट मिरची आणलास व्हय? ढब्बू आणायची की मग."

तू हसली नाहीस. पुडी उघडून तू बी तळहातावर घेतलंस आणि एकेक दाणा मोजायला लागलीस.

डंकाच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत तू ती लावलीस. जिना चढताना तीनदा थांबायचीस. रोपं आली, फुलं आली, दिवाळीच्या सुमाराला पहिल्या मिरच्या पिवळ्या होऊन लाल झाल्या. लांबट, सुरकुतलेल्या, कुणीतरी पिळून ठेवल्यासारख्या. तू एक मोडलीस आणि तो वास गच्चीभर झाला. मला तो अजून सांगता येत नाही. जहाल मिरचीचा वास आणि त्यात कुठंतरी पिकलेल्या फळाचा. तू टोक चावलंस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, हातात दुधाचा पेला धरून. तू चावत राहिलीस. मग उरलेली पण खाल्लीस.

त्या शुक्रवारी तू रस्सा केलास. त्या मिरच्या तेलावर परतून, वाटून, खोबरं घालून, मटणाच्या पाण्यात. रंग आपल्या रश्शाचा नव्हता, जरा फिका, केशरी. मला म्हणालीस, बस. गाळून वाटीत घेतलास आणि चमच्यानं तोंडात घातलास. एक चमचा, दोन चमचे. वाटी संपवलीस. मग म्हणालीस, "अकरा म्हयन्यांनी जेवलो बघ."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुला त्या मिरचीची चटणी करायची होती. शेक घेणाऱ्यांसाठी, तोंड आलेल्यांसाठी, आतडं दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. मी म्हणाले, घरात कर, डंकावर नको. बिनतिखट चटणी करणारा डंक म्हणून आपलं हसं होईल.

"तिखट म्हंजे चव न्हवं, मालन," तू म्हणालीस. "तिखट म्हंजे नुसता मार. चव त्याच्या मागनं येती. लोकास्नी मार कळतो, चव कळत न्हाय."

"आणि लोक मारच मागायला येत्यात आपल्याकडं."

"सगळीच न्हाईत. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर बसून बघ एकदा."

मी बसले नाही. तू मात्र पहिल्या वर्षाच्या मिरच्या घरी वाळवल्यास, खलबत्त्यात कुटल्यास, कारण आपल्या डंकाच्या उखळातला खाट कितीही धुतला तरी जात नाही, आणि तपासणीला जाताना ती चटणी लहान बाटल्यांत भरून न्यायला लागलीस. कुणाकुणाला दिल्यास ते मी विचारलं नाही. रागानंच विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी तुला सांगितलेलं नाही. गोष्ट दीड वर्षापूर्वीची; शेवटचे पाच महिने रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज दुसऱ्या दिवसावर ढकलायचे.

तुझ्या मिरच्या लावल्या त्याच उन्हाळ्यात माझ्या जावयानं नागालँडहून बी आणलं होतं. तो फौजेत, तिकडं नेमणूक होती. तिथली मिरची म्हणजे जगात नाव असलेली, अर्धी खाल्ली तर माणूस भिंतीला डोकं आपटून घेईल अशी. मी मुद्दाम लावली. तू बिनतिखट लावतेस काय, बघ माझी. एकच रोप जगलं, पण झाड झालं चांगलं कमरेएवढं. पान तुझ्या मिरचीसारखंच, फूल तसंच, फळही तसंच सुरकुतलेलं. रफिकनं फोनवर तुला बजावलं होतं की ही दोन्ही एका जातीची, माश्या इकडचं तिकडं करतील; या वर्षीचं फळ बिघडणार नाही, पण त्यातलं बी पुढं लावलं तर तिखट निघू शकतं.

तू मला म्हणालीस, "मालन, तुझं झाड खाली अंगणात ठेव. मला बी धरायचं हाय."

मी खाली आणलं. अंगणात ऊन नाही. आठ दिवसांत पानं पिवळी पडली. तू तेव्हा तपासण्यांमुळे गच्चीवर येत नव्हतीस. मी ते झाड परत वर नेलं आणि पाण्याच्या टाकीमागं ठेवलं. वाटलं, टाकी मध्ये आहे, कुठं कळतंय माशीला. खरं सांगू, एवढाही विचार केला नव्हता. झाड जगावं एवढंच वाटत होतं, आणि तुझं ऐकायचं नव्हतं.

तू बी धरलंस, दुसऱ्या वर्षी चौदा डब्यांत लावलंस. त्या आधीच मी माझं झाड काढून शेजारणीला देऊन टाकलं होतं. फळं आली. दिवाळी होऊन गेलेली. दुपारची वेळ, डंक बंद, तू उंबऱ्यावर बसलेली. मीच वरून चार मिरच्या तोडून आणल्या, तू सांगितलंस म्हणून. तू एक मोडलीस, वास घेतलास, खूश झालीस. आणि निम्मी तोंडात घातलीस.

तू ओरडली नाहीस. ओरडायला जीभ हलवावी लागते. नुसता माझा हात धरलास, नखं रुतली. थुंकायला लाळ नव्हती. मी दूध ओतलं, तूप घातलं, रिक्षा बोलावली. ओठांतून रक्त येत होतं. पुढचे तीन आठवडे नाकातल्या नळीनं तुला दूध दिलं. तुझं तोंड, जे कसंबसं भरून येत होतं, ते परत सोललं गेलं.

नळी निघाल्यावर पहिल्यांदा तू बोललीस ते हे. "बी मीच धरलेलं. माझीच चूक. कुठनं तरी माशी आली असंल."

मी पायाशी बसले होते. सांगायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "पाणी देऊ?"

पुढं दुखणं उलटलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ते उलटणारच होतं, त्या मिरचीशी त्याचा काही संबंध नाही. मी मान हलवली. असेल. पण तुझ्याकडे मोजकेच दिवस उरले होते आणि त्यातले तीन आठवडे मी घेतले. हे कुठला डॉक्टर पुसणार?

गच्चीवरची चौदा झाडं तशीच राहिली. तू त्यांच्याकडे परत बघितलं नाहीस असं मला वाटत होतं. मी दोन दिवसांआड वर जाऊन पाणी घालायचे, फळं गळून पडायची, मी झाडून टाकायचे. का पाणी घालत होते, माहीत नाही.

काल एक बाई डंकावर आली. चाळिशीची असेल, हुपरीहून बसनं आलेली, बोटांना चांदीच्या कामाचा काळेपणा. पिशवीतून तिनं धुऊन पुसलेली लहान बाटली काढली. बाटली मी ओळखली. तिची आई पैंजणांना घुंगरं जोडण्यात म्हातारी झालेली; तिच्या जिभेला तुझंच दुखणं. मागच्या हिवाळ्यात तुझ्या शेजारच्या खाटेवर होती.

"त्या मावशी न्हाईत काय?" तिनं विचारलं.

"न्हाईत. दीड म्हयना झाला."

ती मग बाटली परत पिशवीत घालायला लागली आणि थांबली. "त्यांनी आईला सांगितलतं. म्हणालत्या, ही शेवटची बाटली. मी नसलो तर मालनकडं जा. ती आधी वाद घालंल. घालू दे. मग करून देईल."

मागचा हिवाळा. म्हणजे मिरची तोंडात घातल्यानंतर. नळीच्या नंतर. मी हिशेब करत उभी राहिले आणि ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी वाद घातला नाही. म्हणाले, "एक-दोन दिवसांत मीच घिऊन येतो. पत्ता द्या."

संध्याकाळी गच्चीवर गेले, चौदातली न बिघडलेली झाडं शोधायला. गुडघे आता जिन्यावर बोलतात. एका झाडाची एक मिरची तोडायची, चावायची, थांबायचं, ताकाचा घोट घ्यायचा, मग पुढचं झाड. पहिली गोड. दुसरी गोड. तिसरीनं माझं टाळकं फिरलं. मी खाली बसले, कानातून वाफ जावी तसं झालं, नाक-डोळे गळायला लागले. साठ वर्षं तिखट खाल्लेली माझी जीभ, धडधाकट, ओली. आणि मला टाकीला टेकून बसावं लागलं. तुझ्या तोंडात हे गेलं होतं. तेव्हा मला रडू आलं, पण ते मिरचीचं होतं की कशाचं ते वेगळं काढता आलं नाही. ते झाड उपटलं. अंधार पडायच्या आत चौदाही चावून झाली. पाच तिखट, नऊ गोड. ओठ सुजून बटाटा झाला होता.

तशा तोंडानंच मी रफिकला फोन लावला. जहाज कुठल्यातरी बंदरात होतं, लागला. त्याला म्हणाले, मला काही सांगायचं आहे, मधे बोलू नको. आणि सगळं सांगितलं. अंगण, पिवळी पानं, टाकी.

तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मालनआक्का, आपाला म्हाईत हुतं."

"काय म्हाईत हुतं?"

"टाकीमागं कुंडीचा गोल डाग हुता. गळालेल्या दोन मिरच्या पडल्यात्या वाळून. दवाखान्यातनं आल्यावर ती कशीतरी वर चढली हुती. फोटो पाठवला मला. ह्येच्यामुळंच काय म्हणून इचारली. मी व्हय म्हणालो. म्हणाली, मालनला बोलू नकोस, ती आधीच जेवंना झाल्या."

मी फोन ठेवला.

जैतून, मला तुझा राग आला. पहिल्यांदा तोच आला, खोटं कशाला बोलू. चोवीस वर्षं तू कशावरही भांडलीस. उखळाच्या फडक्यावरून, कांदा किती वाळवायचा यावरून, माझ्या नवऱ्याच्या श्राद्धाला मी काय शिजवावं यावरूनसुद्धा. आणि ज्यावरून भांडायचा तुला सगळा हक्क होता तिथं तू गप्प बसलीस. एकदा दारात उभी राहून मला शिव्या दिल्या असत्यास तर मी तुझे पाय धरले असते. तुझ्यापाशी बसून मोकळेपणानं रडले असते. आपण दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत बसलो आणि पाणी देऊ का, उशी नीट करू का, असलं बोलत राहिलो. पाच महिने. तू मला माफ केलंस हे कळतं. पण माफी तोंडावर मिळाली असती तर घेता आली असती. ही आता कुठं ठेवू?

राग ओसरल्यावर उरला तो नुसता थकवा. तो अजून आहे.

रात्री झोप बरी लागली, हेही सांगते.

आज सकाळी नवा खलबत्ता आणला. नऊ झाडांच्या पिकलेल्या मिरच्या, प्रत्येक झाडाची आणखी एक एक चावून बघून, तव्यावर कोरड्या भाजल्या. वाळवायला वेळ नव्हता. खोबरं, धणे, तीळ. लसूण नाही, तो झोंबतो, हे तू करताना बघितलं होतं. मीठ घालताना हात थांबला आणि चिमटीतलं अर्धं परत बरणीत टाकलं. डंक बंद ठेवला. हंगाम संपत आला आहे, दोन-चार बायका परत गेल्या असतील. दुपारच्या बसनं हुपरीला गेले.

ती म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, हाडांची मोळी. लेकीनं मऊ भात कालवला, त्यात चटणी घातली. मी म्हणाले, थांबा, आणि आधी माझ्या जिभेवर घेऊन बघितली. मग भात तिला दिला. म्हातारीनं वाटी नाकाशी नेली. तुझ्यासारखेच डोळे मिटले. एक घास, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. आम्ही दोघी तिच्या घशाकडे बघत होतो. चार घास खाल्ले तिनं. लेक म्हणाली, गेल्या आठवड्यात एवढं पोटात गेलं नव्हतं.

मग ती माझ्याकडे वळली. जीभ अर्धी उरलेली, शब्द जड, पण समजत होते.

"मालन तुम्हीच व्हय?"

"व्हय."

"त्या म्हणालत्या, मालनच्या हातानं मीठ जास्त पडतंय. संभाळून खा." तिनं वाटीतलं शेवटचं बोटानं पुसून घेतलं. "मीठ बरोबर हाय की."

मी तिच्या हातातली वाटी घेतली. चोवीस वर्षांत मिठावरून तू मला एकदाही बरोबर म्हणाली नव्हतीस.